बाबा, जावई आणि थंड इंजिन

आमच्या बाबांना गॅरेजच्या गल्लीत सगळे ‘थांबा मिस्त्री’ म्हणतात. कुणी सकाळी गाडी घेऊन आलं आणि पुन्हा किल्लीला हात लावला, की हे आतून ओरडतात, “थांबा.” मग बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवतात. इंजिन गरम लागलं तर गिऱ्हाइकाला म्हणतात, गाडी इथेच ठेवा आणि घरी जा. थंडीत सुरू न होणाऱ्या डिझेल गाडीचं दुखणं असंच असतं. एकदा ती सुरू झाली की ते लपून बसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंड दाखवत नाही. गिऱ्हाइकं वैतागतात, पण परत यांच्याकडेच येतात. बाबांचा राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. मी त्यांचीच लेक, त्यामुळे त्यावर मी फार बोलू नये.

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी स्वतःची पिकअप माझ्या नवऱ्याला देऊ केली. नवरा बेकरीचा माल पोचवतो. फुकट घ्यायला त्यानं साफ नकार दिला आणि ती रीतसर विकत घेतली. तिथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग गेल्या वर्षी यानं ती ट्यून करून आणली. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सेटिंग भरून तिची ताकद वाढवली, आणि तीही दुसऱ्याच्या गॅरेजात, सासऱ्यांना न विचारता. “चांगल्या घरच्या गाडीला नको ते पाजलं,” असं म्हणून बाबांनी आमच्या घरी पाय ठेवायचं बंद केलं. आईला आमच्या कोपऱ्यावर सोडायचे आणि तिथूनच मागे फिरायचे.

यंदा थंडी पडली आणि पिकअप सकाळी अडून बसायला लागली. नवरा सेल्फ मारून मारून बॅटरी दमवायचा, मग शेजाऱ्यांना उठवून ढकलायला लावायचा. शेवटी नाक मुठीत धरून तो गाडी बाबांकडे घेऊन गेला. बाबांनी बॅटरी बघितली, थंड इंजिन तापवणारे हीटर बघितले आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू. पुन्हा नेली, पुन्हा तेच. “गाडी ठणठणीत आहे,” बाबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. “ट्यून चालवणाऱ्याचीच बिघडलीये.”

नवऱ्यानं ते मूग गिळून ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं, “मी गाडी विकतोय. रविवारी एक जण बघायला येणार आहे.”

गाडी गेली तर भांडणाचं मूळच जाईल, असं कुणालाही वाटलं असतं. मला नेमकं उलटं वाटत होतं. या दोघांना एकमेकांशी बोलायला ती गाडी हे एकच निमित्त उरलं होतं. ते गेलं की माझं माहेर आणि माझं घर यांच्यात कायमचा कोपरा राहणार होता. मी तडक गॅरेजात गेले.

“बाबा, ती तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते. तिचे रंग बघायचेत तर आमच्या दारात बघा, पहाटे.”

“मी तिथे येणार नाही.”

“आमच्याकडे नका येऊ. गाडीकडे या.”

शनिवारी संध्याकाळी आले. हातात पान्यांची पेटी, बगलेत स्वतःची उशी. जेवताना जावयाशी एक शब्द बोलले नाहीत. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं.

पहाटे आम्ही तिघं स्वेटर चढवून दारात उभे राहिलो. आमचं घर चढावर आहे, आणि पिकअप रोजच्यासारखी तोंड वर करून उभी होती. बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“रोज अशीच लावता?” वर्षभरानंतर जावयाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“हो. सकाळी निघायला सोपं पडतं.”

“मारा सेल्फ. आणि तू मागे उभी राहा, धूर बघ.”

इंजिन नुसतं फिरत राहिलं.

“धूर?”

“काहीच नाही.”

“पांढरासुद्धा?”

“नाही, बाबा.”

“मग डिझेल येतच नाहीये. आलं असतं आणि नुसतं पेटलं नसतं, तर पांढरा धूर दिसला असता.” बाबांचा आवाज एकदम खाली आला. “ट्यूनचा यात काही संबंध नाही. कुठून तरी हवा शिरते आणि तोंड वर असल्यामुळे रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं. माझ्या गॅरेजची जमीन सपाट, तिथे कसं कळणार?”

त्यांनी डिझेल पुढे ओढायचा फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबायला सुरुवात केली. एका नळीच्या क्लिपखाली डिझेलचा थेंब जमला. त्या क्लिपचं टोक आत वळवलेलं होतं. पुढच्याचा हात कापू नये म्हणून बाबा ते तसं वळवतात, दुसरा कुणी एवढे कष्ट घेत नाही. मी ते ओळखलं आणि नवऱ्यानंही.

“हादऱ्यांनी सैल झाली असेल,” नवरा हळूच म्हणाला.

“नाही. मीच सैल ठेवली होती,” बाबा म्हणाले. “रबर नवं होतं तोवर निभावलं. आता थंडीत आकसतंय. वर्षभर मी तुम्हाला उगाच बोललो, जावई.”

मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायला आत पळाले. गाडी बघायला येणाऱ्याला नवऱ्यानं फोन करून नको म्हणून कळवलं. नळी बदलली, क्लिप आवळली, पण खरी परीक्षा थंड इंजिनावरच. म्हणून बाबांना आणखी एक रात्र राहावं लागलं. त्या रात्री मीठ त्यांनी थेट जावयाकडे मागितलं.

सोमवारी पहाटे पिकअप पहिल्याच सेल्फला सुरू झाली. आम्ही तिघंही बसलो आणि बेकरीपर्यंत बाबांनी चालवली. चढावर तिनं जोर दाखवला तेव्हा ते पुटपुटले, “ओढते बरी.” नवरा खुशीत होता. त्याला राहवेना.

“बाबा, एक विचारू? तुमच्या हातून क्लिप सैल राहिली कशी?”

बाबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

“लग्नाच्या दिवशी सकाळी बसवली होती. तुम्ही हिला घेऊन जाणार होता त्याच गाडीतून. मला धड काही दिसतच नव्हतं.”

मी दोघांच्या मध्ये बसले होते. कुणीच माझ्याकडे बघितलं नाही, ते एक बरं केलं.