चौथी भिंत

परवा रविवारी आमच्या कॉन्डोच्या बार्बेक्यू पिटपाशी मुलांनी स्पर्धेसाठी दिवाळीचे किल्ले मांडले होते. ईस्ट कोस्टला मराठी घरं बरीच. किल्ले सात झाले.

सहा आपल्याकडचे. सातवा माझ्या नऊ वर्षांच्या मीराचा... रोमन लोकांचा. लहानसा, समुद्रकाठचा, पडका.

तिचा बाबा जहाजावर इंजिनिअर आहे. जहाज वेल्सच्या एका बंदरात होतं तेव्हा हा किल्ला तो चालत जाऊन बघून आला, फोटो पाठवले. तीन बाजूंना भिंती उरल्यात. चौथ्या बाजूला भिंत नव्हतीच, समुद्र होता, बोटी थेट आत ओढून घ्यायचे म्हणे.

यंदा दिवाळीला तो घरी नाही. म्हणून मीराने त्याचा किल्ला केला. तीन भिंती, चौथी बाजू मोकळी. आत हळीव पेरले.

स्पर्धेची व्यवस्था बघणारे शेजारचे काका वाकले. "वहिनी, सणासुदीला पडका किल्ला? आणि महाराज कुठे बसवणार?"

"पडका नाही, अंकल. धिस साइड इज सी, लाह," मीरा तिच्या शाळेतल्या, इथल्या इंग्रजीत म्हणाली.

"अगं, शत्रू घुसेल ना इथून!" काका हसले. बाकीचेही हसले.

आम्ही जेवायला वर गेलो. खाली आलो तर चौथी भिंत उभी होती. गुळगुळीत, बुरुजासकट, वर भगवा. "घ्या, करून टाकली पूर्ण. आता नंबर नक्की," काका म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता.

मीरा माझ्याकडे बघत राहिली.

नवरा वर्षातले आठ महिने समुद्रावर. मी इथे सगळ्यांशी जुळवून घेते, हसून हो म्हणते... सवय झालीय.

मी झेंडा काढून नीट काकांच्या हातात दिला. मग खाली बसले आणि ती भिंत दोन्ही हातांनी काढली. सगळ्यांसमोर.

"अहो, परीक्षक किल्ला अपुरा धरतील," मागून कोणीतरी म्हणालं.

"धरू देत."

नंबर आला नाही. फोटो बाबाला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं... "छान. बोट लावायला जागा आहे."

काका, माती मात्र तुम्ही सुरेख मळली होती, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही तिची बोट केली. मोकळ्या बाजूने आत आणून लावलीय.