बाराही एकदम
ओदिलोन एका जागी बसला तर शपथ! टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढला, निवृत्त झाला, तरी पायांची भिंगरी थांबेना. सध्या ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात, वस्तीमंडळाच्या खोलीत, बँकेनं टाकून दिलेल्या बारा कॉम्प्युटरांभोवती ती फिरत होती. त्यांच्यात हार्ड डिस्कच नव्हती. फ्लॉपीवरून नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चढायचा आणि कोपऱ्यातल्या एकाच मोठ्या मशीनवरचं काम बाराही पडद्यांवर दिसायचं. म्हणजे, दिसायला हवं होतं.

शनिवारी नगरपालिकेच्या बाई तपासायला येणार होत्या. बारा पडदे चालले तर खोली मंडळाकडे राहणार, नाहीतर तिचं गोदाम होणार. अध्यक्षा झुलेकांनी (सगळे त्यांना मानानं 'दोना' म्हणत) ओदिलोनच्या भरवशावर अख्ख्या वस्तीला शब्द दिला होता.

आठवडाभर त्यानं एकेक मशीन तपासलं. कार्डं भंगारातली, ड्रायव्हर नाना तऱ्हेचे. पण एकेकटं प्रत्येक सुरळीत चालायचं. शनिवारी सकाळी बाराही एकदम लावली आणि चार नंबरचं गोठलं. का, ते कळेना. हातातला माते चहा तसाच निवून गेला.

तेवढ्यात नगरपालिकेच्या मार्लिझेबाई आल्याच. "एकेक लावून दाखवा, म्हणजे सही करते."

झुलेकांचा चेहरा उजळला. ओदिलोनला मात्र राहवेना. "एकेक लावलं तर चालतंच हो, बाई. बाराही लावू द्या. चार नंबर मरतंय."

"तोंडाला कुलूप नाही का रे तुझ्या!" झुलेका कडाडल्या.

"सोमवारी बारा माणसं एकदम बसणार, दोना. मग कुणाच्या नावानं शंख करतील?"

तो एकामागून एक मशीन लावत गेला. आठपर्यंत ठीक. नववं उठलं आणि चौथं गोठलं! दोन्ही पडद्यांवर उमटलेले कार्डांचे आकडे त्यानं ताडून पाहिले. कार्डांचा क्रमांक एकच. प्रत्येक कार्डाचा वेगळा असायला हवा, पण ही स्वस्तातली नकली कार्डं; कुणीतरी दोन्हींवर एकच आकडा ठोकला होता. दोघांतलं कोण कुठलं, हे मोठ्या मशीनला समजत नव्हतं.

"हात तिच्या!" नऊच्या फ्लॉपीवरच्या ड्रायव्हरमध्ये त्यानं दुसरा क्रमांक घातला आणि सगळं पुन्हा लावलं. बाराही पडदे चालू झाले.

झुलेकांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि डोळे पुसले. मार्लिझेबाईंनी सही केली खरी, पण त्या निघेनात.

"सात वस्त्यांना सह्या देऊन आलेय मी," त्या म्हणाल्या. "सगळीकडे एकेक लावूनच बघितलं."