निम्म्या फीची वन्सं

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलीच होते. आदल्या संध्याकाळी महाडात मिनीडोरमधून उतरल्यावर तिने मला क्लासच्या हॉलपर्यंत चालवत नेलं होतं. खांद्याला कराटेच्या ड्रेसची पिशवी, पाठीवरून घाम वाहतोय, गुडघे कुरकुरताहेत... आणि वय माझं निवृत्तीला टेकलेलं. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाली, चाललं की पैसेही वाचतात आणि वॉर्मअपही होतो. हॉलवर पोचलो तर सरांनी वॉर्मअप घेतलाच, तो काही चुकला नाही. म्हणजे माझा वॉर्मअप दोनदा झाला. घरी येऊन गुडघ्यांना बाम चोळताना मी ठरवलं, उद्या हिला चांगलं सुनावायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा तास चालू असताना तिच्या नवऱ्याचा, अनिलचा फोन आला. शिलाई मशीनवर बसल्या बसल्याच गेली, म्हणाला. हृदयविकाराचा झटका आला होता. मी खडू हातात घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले, आणि खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. मला एवढं बोलायचं बाकी ठेवून ही बया निघून गेली.

बिरवाडीत आमच्या भिंतीला भिंत. मी शाळेत बाई, अनिल एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टवर, आणि सुनंदा शिवणकाम करायची. ब्लाउज, फॉल-पिको, पोरींचे फ्रॉक. तिची एकुलती एक मुलगी कीर्ती माझ्याच वर्गात होती. ती आठवीत गेल्यावर एके दिवशी सुनंदा मला म्हणाली, बाई, पोरीला कराटेला घालायचं हाय, तुम्ही सोबत चला. तिची पोरगी खो-खोत चांगली होती, चित्रं छान काढायची, मग मधेच हे कराटे कुठून आलं? मी विचारलं तेव्हा तिने मशीन थांबवलं. तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाचं. शाळा खाली रस्त्याला, वाट रानातून. सातवीत असताना त्या वाटेवर एकाने तिचा हात धरला. घरी येऊन सांगितलं, तर बापाने शाळाच बंद केली.

"हात धरणाऱ्याचं काय नाय झालं, बाई. माझी शाळा गेली," ती म्हणाली. "माझ्या पोरीने वाट नाय बदलायची. काळ्या पट्ट्यापर्यंत न्यायची मी तिला."

गेले सोबत. आणि तिथेच माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो शेवटपर्यंत उतरला नाही.

समाजमंदिराच्या हॉलमध्ये क्लास चालायचा. सर भला माणूस. आईवडील आले की फी किती एवढंच विचारतात, हे त्यांच्या सवयीचं. सुनंदाने विचारलं, काळ्या पट्ट्यापर्यंत एकूण किती? लग्नाचे सगळे ब्लाउज एकदम शिवायला टाकताना विचारावं तसं. सर गोंधळले. म्हणाले, ताई, ही साधना आहे, असं एकदम कसं सांगता येईल. सुनंदा म्हणाली, "साधनाच कितीला पडते ते सांगा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिने त्या माणसाला खुर्चीत बसवून एकेक वदवून घेतलं. प्रवेश फी, महिन्याची फी, ड्रेस, दर पट्ट्याची परीक्षा, सर्टिफिकेट, स्पर्धेची एन्ट्री, हातापायाची गार्डं, जाण्यायेण्याचं भाडं. शेवटी सरच म्हणाले, अहो, एवढा खर्च होतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

हिशेब तिने कधी कागदावर मांडला नाही. सगळा डोक्यात, आणि तोही ब्लाउजांत. फॉल-पिकोचे पैसे महिन्याच्या फीला. साध्या ब्लाउजांतून पिवळा पट्टा, अस्तराच्या ब्लाउजांतून नारिंगी. लग्नसराईतली एखादी बाई जरीच्या साडीचा गठ्ठा घेऊन दारात आली, की सुनंदा माझ्या कानाशी लागायची, "बाई, हा बघा आपला हिरवा पट्टा आला." ती बिचारी बाई गळा पुढून किती खोल ठेवू यात गुंतलेली, आणि ही तिच्याकडे बघून गालात हसतेय. माझी हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. पण सांगते, बाजारात घासाघीस करणारी ही बाई गिऱ्हाइकाकडून एक रुपया जास्त घ्यायची नाही. शिलाई वाढव म्हटलं तर म्हणायची, त्यांनी का म्हणून माझ्या पोरीच्या लाथांचे पैसे भरायचे?

काटकसर करायची तर धड करावी ना! पहिला ड्रेस विकत घ्यायचा सोडून तिने घरीच शिवला. मांजरपाट आणला. आता जी बाई अख्ख्या बिरवाडीला सांगत फिरते की फॉल आधी भिजवून आणा, कापड आधी भिजवून आणा, तिने स्वतः मांजरपाट भिजवला नाही. का, तर श्रावणातला पाऊस, कापड चार चार दिवस वाळत नाही, आणि पोलादपूरची स्पर्धा तोंडावर आलेली. कोरा कपडा बेतला, शिवला, आणि पोरगी स्वच्छ दिसावी म्हणून आदल्या दिवशी धुऊन इस्त्रीने वाळवला. पोलादपूरला हॉलच्या मागच्या खोलीत कीर्तीने ड्रेस चढवला, तर पायजमा पोटरीवर आणि बाह्या कोपराला! सगळ्या तालुक्याच्या पोरांसमोर ती पोर तशीच उभी राहिली. लोक हसत होते. माझा हात कपाळावर. सुनंदा मात्र पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, मी मापाने शिवला होता, मापाने शिवला होता. कीर्तीने त्या आटलेल्या ड्रेसात दुसरा नंबर काढला. यावर आईसाहेबांचं म्हणणं काय, तर पाय मोकळे राहिले म्हणूनच जमलं. पण धडा तिने घेतला. त्यानंतर कराटेचं काहीही घ्यायचं ते दोन साईज मोठं. कापड आटलं तरी चालेल आणि पोर वाढली तरी चालेल.

मग पूर आला. हॉलमधल्या मॅट चिखलातून काढून धुवाव्या लागल्या, पोरं पांगली. क्लास पुन्हा भरावा म्हणून सरांनी जाहीर केलं, एका घरातले दोघे आले तर दुसऱ्याची फी निम्मी. झालं! सुनंदाची झोप उडाली. घरात कीर्ती एकटीच, आणि अनिल म्हणाला, मला शिफ्ट काय कमी आहे का लाथा खायला. पुढच्या आठवड्यात बघते तर सुनंदा स्वतः पांढरा ड्रेस घालून पोरांच्या रांगेत शेवटी उभी. मी तिला समजावून सांगितलं, अगं, पूर्वी एक फी जात होती, आता दीड जाते, यात तुझं वाचलं काय? म्हणाली, "निम्मी वाचली ती तुम्हाला दिसत नाय काय?" पोरांना गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, पण या बाईपुढे मी हात टेकले. ड्रेसही दोन साईज मोठा आणलेला. चाळिशी ओलांडलेली बाई आता कुठे वाढणार आहे? तर म्हणे, मोठा साईज त्याच पैशात मिळतो, मग कमी कापड का घ्या. बाह्या आणि पाय चांगले वीतभर आत दुमडून टीप मारलेली. त्या ड्रेसात ती एवढीशी दिसायची.

पण रमली. खरंच रमली. पहिल्यांदा ओरडून पंच मारला तेव्हा स्वतःच दचकली, आणि मग पंधरा दिवस घरात, ओट्याशी, मशीनशी ओरडत होती. अनिल माझ्याकडे येऊन बसायचा.

आणि मग ते घडलं, ज्यावरून मी तिच्यावर आजही चिडते. कीर्ती तपकिरी पट्ट्यावर पोचली होती. पुढचा पट्टा काळा. एका संध्याकाळी सरावात ती पाय घसरून पडली. मागच्या रांगेतून सुनंदा ओरडली, ऊठ गो, किती ब्लाउज बांधलेत तुझ्या कमरेला, ठाऊक हाय ना! सगळा हॉल हसला. कीर्ती उठली. तिने कमरेचा पट्टा सोडला, नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिला.

"घे तुझे ब्लाउज," ती म्हणाली. "मी लाथ मारली तरी तुला ब्लाउजच दिसतात."

त्यानंतर ती क्लासला आली नाही. आपला ड्रेस तिने दुसऱ्या एका मुलीला देऊन टाकला. बारावी झाल्यावर नर्सिंगला पनवेलला गेली. सुट्टीला यायची, आईच्या हातचं जेवायची, पण कराटेचा क काढायचा नाही, असं जणू दोघींनी ठरवूनच टाकलेलं. मी सुनंदाला किती वेळा सांगितलं, चूक तुझी आहे, एकदा म्हण ना तसं पोरीला. एवढा एक शब्द बोलायला तर काही खर्च नव्हता! पण नाही. मान खाली घालून दोरा ओवत राहायची. एकदाच म्हणाली, "येईल ती. तोवर तिची जागा धरून ठेवते."

जागा धरायची म्हणजे काय, तर सवलत चालू ठेवायची. कीर्ती गेल्यावर एका घरातली एकच उरली. मग हिने काय करावं? मला क्लासला नेलं आणि सरांना बिनदिक्कत सांगितलं, ह्या माझ्या वन्सं. अनिलच्या थोरल्या बहीण. मी तोंड उघडेपर्यंत माझं नाव लिहूनही झालं होतं. घरी आल्यावर मी तिला फाडफाड बोलले. ती चहा टाकत म्हणाली, भिंतीला भिंत हाय, घर एकच झालं की. तेव्हापासून हॉलमध्ये मी वन्सं. पुढे पुढे ती घरीही वन्सं म्हणायला लागली. मला भाऊ नाही... त्यामुळे त्या हाकेला ओ देताना मी फारशी कुरकुर केली नाही, एवढंच.

कीर्तीला हे कळलं तेव्हा तिचा संताप झाला होता. आई आता खोटंही बोलायला लागली, म्हणाली. मला ती पहिल्यापासून मॅडम म्हणते, त्यानंतर जरा जास्तच ठासून म्हणू लागली.

सुनंदाच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी सर आले होते. माझ्या शेजारी बसून हलक्या आवाजात म्हणाले, ताई, भावजय गेली, तुमच्या घरावर फार मोठा आघात झाला. पलीकडे कीर्ती बसली होती. मला वाटलं, आता ही सरांना खरं काय ते सांगणार, गप्प बसणाऱ्यातली ती नाही. पण ती खाली सतरंजीकडे बघत राहिली. मी नुसती मान हलवली. पाहुण्यांच्या गर्दीत मनातल्या मनात मी सुनंदाशी भांडत होते. बघ, कुठल्या कुठे अडकवून ठेवलंस मला. आणि पोर तुझ्याशी न बोलता राहिली ती राहिलीच. सगळ्या गोष्टींची आधी तरतूद करणारी तू, एवढीच कशी विसरलीस?

मी क्लास सोडायचं ठरवलं होतं. एकटीने जाऊन करायचं काय? गेल्या रविवारी सकाळी दार वाजलं. कीर्ती. हातात आईची पिशवी. "मॅडम, आज क्लास आहे ना?" एवढंच म्हणाली. मिनीडोर धरून निघालो. महाडात उतरल्यावर मी रिक्षाला हात केला, तर ही पुढे चालायलाही लागलेली. मुकाट मागून गेले.

हॉलच्या मागच्या खोलीत तिने पिशवीतून आईचा ड्रेस काढला. बाह्यांची आणि पायांची टीप उसवलेली होती. आईच्याच मशीनवर बसून, आईच्याच ब्लेडने तिने ती उसवली होती. धुऊन धुऊन मळकट झालेलं कापड, आणि खाली कडेला वीतभर कोरा पांढरा पट्टा, त्यावर सुईची बारीक भोकं ओळीने. कीर्ती अनिलवर गेलीय, उंच. ड्रेस तिला मापात बसला. मी बघत राहिले आणि इतकी चिडले, इतकी चिडले की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासूनच हे डोक्यात होतं का गं तुझ्या, सुनंदा? विचारलं असतं तरी हिने सांगितलं थोडंच असतं! म्हणाली असती, त्याच पैशात जास्त कापड.

सुनंदाने मशीनच्या खणात जपून ठेवलेला तो तपकिरी पट्टा कीर्तीने सोबत आणला होता. तो कमरेला बांधून ती पुढच्या रांगेत, आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. सर समोर आले. त्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, फी वगैरे नंतर बघू. कीर्तीने पैसे काढून त्यांच्या हातात ठेवले.

"दीड आहे, सर," ती म्हणाली. "आम्ही एका घरातल्या. आत्याची निम्मी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कोण कोणाची नणंद, हे महाडात किती दिवस लपणार? त्यांना केव्हाच कळलेलं असणार. पण त्यांनी पैसे न मोजता खिशात टाकले आणि सगळ्यांना हॉलला फेऱ्या मारायला सांगितल्या. कीर्ती मागे वळली, तिने माझा हात धरून मला रांगेत ओढलं, आणि माझा वॉर्मअप त्या दिवशीही दोनदा झाला.