सोनीची खूण

मित्रांनो, सकाळी ग्रुपवर माझा स्क्रीनशॉट पाहून तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं. ते परत घ्या.

हॅकिंगच्या सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली ती लिनक्स मशीन मी अन् सोनी, अहेरीच्या कॉम्प्युटर क्लासात मिळून फोडून राह्यलो होतो. आठ दिवस डोकं लावून सोनीनं एका जुन्या बॅकअप फाइलमधून पासवर्ड शोधला. तेवढ्यात मोहफुलं वेचाले तिले गावी जावं लागलं. तिथं नेटवर्क नाई. आमच्या वहीत लिहून गेली, "इथपर्यंत आली. बाकीचं मी आल्यावर."

आज मले राहवलं नाई. तिनंच शोधलेला पासवर्ड टाकला, दहा मिनिटांत मशीनचा पूर्ण ताबा मिळवला अन् सगळं उत्तर ग्रुपवर टाकून मोकळा झालो.

दुपारी नेटवर्कसाठी पहाडीवर चढलेल्या सोनीनं ते पाहिलं अन् फोन केला. रागावली नाई. एवढंच म्हणाली, "भाऊ, आमच्या जंगलात मधाच्या झाडावर कोणाची खूण दिसली, तर दुसरा त्याले हात नाई लावत."

मशीन तर एका बटणानं पुन्हा पहिल्यासारखी होते. पण सोनीनं उत्तर वाचलं. ते आता तिच्याकडून कसं परत घेऊ, सांगा?