खोलीचं तापमान

पंचविसाव्या वर्षी मी नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर झालो आणि पहिला पगार हातात पडायच्या आधीच माझ्या अंगात हेडमास्तर शिरला. आवाज चढा, पेन लाल. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आज तो पोरगा रस्त्यात भेटला तर मी त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनावीन. पण त्याचा फार राग येत नाही. त्याचा प्रयोगशाळेवर खरंच जीव होता.

प्रयोग पितळेच्या विशिष्ट उष्णतेचा होता. पितळेचे छर्रे वाफेवर तापवायचे, कॅलोरीमीटरमधल्या, म्हणजे तांब्याच्या लहानशा डब्यातल्या थंड पाण्यात झटकन ओतायचे, ढवळायचं आणि पारा कुठवर चढतो ते बघायचं. बाकी सगळी आकडेमोड. त्यात एक मेख असते. छर्रे पडल्यावर पाणी तापतं आणि थोडी उष्णता आजूबाजूच्या हवेत निघून जाते, त्यामुळे पारा हवा तेवढा चढत नाही. म्हणून पुस्तक सांगतं की शेवटच्या तापमानात थोडं मिळवा. मी तसंच शिकलो होतो आणि तसंच शिकवत होतो.

एप्रिल लागला होता. आमची प्रयोगशाळा टिनाच्या छपराखाली, आणि बर्नर विझू नयेत म्हणून पंखे बंद. नळाच्या पाण्यानं हात पोळायचा. प्रयोगाला थंड पाणी हवं, म्हणून प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई सकाळीच एक माठ भरून ठेवायचा.

दुपारच्या बॅचमध्ये कन्हानहून बसने येणारी एक मुलगी होती. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. बोलायची हळू, पण बोललेलं मागे घ्यायची नाही. तिचं जर्नल तपासताना माझं पेन थांबलं. जिथे मिळवायचं तिथे तिनं वजा केलं होतं.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"सर, खोली एक्केचाळीस हाय," ती म्हणाली. "पाणी छर्रे टाकूनही तेहतीसच्या वर गेलं नाही. मंग उष्णता बाहेर कशी जाईन? ते तर आतच येऊन राहिली नं."

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. ते तिला हसलं की मला, हे कळायला मार्ग नव्हता, पण मी ते स्वतःवर घेतलं.

"म्हणजे पुस्तक लिहिणारे मूर्ख आणि तू एकटी शहाणी?" असं म्हणून मी पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली आणि खाली लिहिलं, 'चूक. पुन्हा करा.' तोंडी बजावलं की शनिवारपर्यंत झालं नाही तर सही मिळणार नाही. सही नसली तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नसे. तिनं जर्नल छातीशी धरलं आणि निघून गेली.

बॅच गेल्यावर शिपाई माठ झाकत म्हणाला, "तिच्या बापानं एकाच वर्षाची मुदत देल्ली हाय जी. पास झाली तं पुढं शिकवीन म्हणते, नाही तं लगन." मी म्हटलं, मग नीट लिहायला काय झालं होतं तिला?

संध्याकाळी धरमपेठेतल्या माझ्या खोलीवर आलो. माठातलं पेलाभर पाणी घेतलं, खिडकीत ठेवलं आणि उरलेली जर्नलं तपासत बसलो. तासाभरानं पेला तोंडाला लावला. पाणी कोमट झालं होतं.

मी जन्मापासून नागपुरात राहिलेला माणूस. एप्रिलमध्ये बाहेर ठेवलेलं थंड पाणी गरम होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं, फक्त प्रयोगशाळेच्या दारात मी ते चपलांसारखं बाहेर काढून ठेवत होतो. पुस्तक लिहिणाऱ्याची खोली थंड होती म्हणून त्याची उष्णता बाहेर जात होती. आमची आत येत होती. मिळवायचं नव्हतंच, वजाच करायचं होतं.

मग मी सही केलेली जर्नलं पुन्हा उघडली. प्रत्येकात खोलीचं तापमान सत्तावीस. बाहेर लू वाहत असताना सत्तावीस, आणि खाली माझी झोकदार सही. ट्रंकेतून माझं स्वतःचं जुनं जर्नल काढलं. त्यातही सत्तावीसच होतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

शनिवार गेला, ती आली नाही. परीक्षा सोमवारी होती. रविवारी सकाळी मी कन्हानची बस पकडली. पत्ता शिपायानं सांगितला होता.

दार तिच्या आईनं उघडलं. कॉलेजचे सर म्हटल्यावर तिनं घाईघाईनं सतरंजी घातली, "बसा जी" म्हणाली आणि पाणी आणून दिलं. वडील कामावर गेले होते. मुलगी आतून जर्नल घेऊन आली.

"काल येणार होते सर, पण तापानं उठवलं नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळीच आणणार होते. केलं मी पुन्हा."

पान सुरेख होतं. लाल फुलीच्या पानावर तिनं खळ लावून कोरा कागद चिकटवला होता आणि त्यावर सगळा प्रयोग नव्यानं लिहिला होता. दुरुस्ती मिळवलेली. उत्तर पुस्तकातलं, जसंच्या तसं. खोलीचं तापमान सत्तावीस.

"प्रयोग कुठे केलास?" मी विचारलं.

"केला नाही, सर."

"मग ही खोली कुठली?"

"पुस्तकातली," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली.

खोटं लिहायला तिला मीच शिकवलं होतं, लाल शाईनं. मी तिच्या आईसमोरच सांगितलं की त्या दिवशी तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. आईला दुरुस्ती काय ते कळलं नसेल, पण तिनं मला एकदा नीट निरखून पाहिलं. मग ओलं फडकं आणलं, कागदावर दाबून धरलं आणि खळ भिजल्यावर तो हलक्या हातानं सोलून काढला. खालचं पान फुगलं होतं, लाल शाई पसरली होती, पण एक्केचाळीस स्पष्ट दिसत होतं. मी फुलीच्या खाली सही केली.

सोमवारी बाहेरगावचे परीक्षक आले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. तिचं जर्नल चाळताना ते त्या फुगलेल्या पानावर अडले.

"फुलीही आहे आणि सहीही आहे. हे कसं काय?" त्यांनी तिला विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "खोलीचं तापमान लिहाचं राहून गेलं होतं सर, माह्याकडून. मंग सरांनी लिहून घेतलं."

माझी मान वाचली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तिनं पहिल्यापासून लिहिलं होतं. मीच वाचलं नव्हतं."

परीक्षकांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं, मग ते पान पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. तिला त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि जायला सांगितलं. पुढे ती पास झाली, आणि बापानं शब्द पाळला.

पण त्या दिवशी मी माठाचं पाणी प्यायला उठलो तेव्हा ती दारातच उभी होती. निकालाचं काहीच विचारलं नाही. एखाद्या धाकट्या भावावर चिडावं तशी चिडून हळूच म्हणाली, "काहून सांगितलं सर? मी सांभाळून घेतलं होतं नं तुम्हाले."