दुकानातला तांदूळ

आमचा मोठा भाऊ नागपूरहून इंजिनियरीचा डिप्लोमा घेऊन मुंबईले गेला अन् अडीचशे रुपये पगारावर लागला, तेव्हा चांद्यातल्या आमच्या गल्लीत कोणाले खरं वाटलं नाई. मंग खरं वाटलं, अन् सगळे त्याले अहोजाहो कराले लागले. ज्या हेडमास्तरनं त्याले भूमितीच्या तासाले अंगठे धरून उभं केलं होतं, ते रस्त्यात थांबून विचारत, "कधी आलात?" हेडमास्तरचा आवाज नाकातून निघते. मी तो काढला की आमची माय पहिले हसते, अन् हसून झालं की रागावते.

त्या उन्हाळ्यात मी भावाकडं राहून आलो. अडीचशेवाला इंजिनियर परळच्या चाळीत एका खोलीत राहे. ते चौघं होते, मी पाचवा. रात्री एकानं कूस बदलली की बाकीच्यायले बदला लागे. मी येताना मुंबईहून काई आणलं नाई, फक्त आवाज आणले. नळावरच्या बाया, खाणावळवाला, अन् फाटकाशी बसून कडुनिंबाच्या काड्या विकणारी दातूनवाली. आमच्याइथं कडुनिंब दारात आहे, बकऱ्या खातात. तिथी ते विकत मिळते.

दिवाळीच्या आधी भावाचं जुळत आलं. मुलगी ब्रह्मपुरीकडची, घरी धानाची मोठी शेती. भावानं तिले एकदाच पाह्यलं होतं. त्यानंतर दर आठवड्याले त्याचं पोस्टकार्ड येई, अन् त्यात तब्येतपाणी सोडून एकच ओळ राहे, 'तिकडून काही कळले काय'. आता पक्कं करासाठी बाबा, भाऊ अन् मी छोट्या लायनीच्या रेल्वेनं ब्रह्मपुरीले निघालो. पक्कं झालं तं साक्षगंधाची, म्हंजे साखरपुड्याची, तारीख काढाची होती.

गाडीत भाऊ मले म्हणाला, "तिथी तोंड उघडाचं नाई. चाळ नाई, नळ नाई, कोणाचा आवाज नाई."

"मंग पोहे कसे खाऊ?"

"पोह्यापुरतं उघड."

मुलीचे वडील जाडजूड, हळू बोलणारे. बाजूले मुलीची आत्या बसली होती. मुलीनं पोहे आणून देल्ले अन् दाराआड गेली. वडलायनं पगार विचारला. भावानं सांगितला. बाबांनी मिशीवरून हात फिरवला, जसा पगार त्यायचाच आहे.

"चांगला आहे," वडील म्हणाले. "तांदूळ कुठला खाता?"

"दुकानातला, काकाजी."

"दुकानात कोठून येते?"

"ते नाई माईत."

आत्याबाई पुढं सरकल्या. "म्हंजे तुमी विकत घेता?"

"हो."

"यंदा पिकलं नाई म्हणून?"

"नाई बाई, तिथी दरसाल विकतच घेतात. सगळेच."

त्या भागात तांदूळ विकत घेणारा माणूस म्हंजे ज्याचं सगळं गेलं तो. आमच्या बाबांनीई मिशीवरचा हात खाली घेतला.

"जळतन?" वडलायनं विचारलं.

"स्टो आहे. घासलेट."

"विकत?"

"विकत."

"मंग दातून तरी..."

भाऊ खाली पाहून राह्यला. माझे पोहे तोंडातच होते. तोंड उघडंच होतं, म्हणून मी म्हटलं, "तेई विकत."

वडलायले वाटलं, पोट्टा थट्टा करते. म्हणाले, "कडुनिंब कोण विकन? कसा विकन?"

आता विचारल्यावर सांगा लागते. मी मांडी बदलली, पदर घेतल्यासारखं केलं अन् दातूनवाली काढली. "या शेठ, काडी घ्या काडी. माझ्या काडीनं दात पडला तर पैसे परत. अन् दात नसतील तर नुसती चघळा, भाव तोच."

कोणी हसलं नाई. फक्त दाराआड कोणीतरी फुसकन हसलं अन् तोंड दाबलं.

वडील भावाकडं वळले. "पाहा, घुग्घुसच्या खाणीत माझ्या ओळखीचे आहेत. इंजिनियर पाह्यजेच त्यायले. पगार कमी, पण क्वार्टर देतात, कोळसा फुकट. धान मी पाठवतो. तिथी लागा, मी आजच सोयरिकीचा नारळ देतो."

बाबा हो म्हणाच्या बेतात होते. भाऊ म्हणाला, "काकाजी, घुग्घुसले मी आज जे करीन, तेच म्हातारा होईस्तोवर करीन. मुंबईत सध्या मले नुसता जिना काढाले देतात, कागदावर. चांगला निघाला तं पुढं अख्खी इमारत देतीन."

"अन् तुमाले राहाले?"

"लग्नापर्यंत त्याच चाळीत वेगळी एक खोली मिळन."

"आमच्या बैलजोडीले याहून मोठी जागा आहे."

"असन," भाऊ म्हणाला. कान लाल झाले होते, पण मान खाली घातली नाई. मले वाटलं, आता पोस्टकार्डं बंद.

तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या. आत्याबाई उठून आत गेल्या अन् बाहेर येऊन उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पोरगी म्हणते, मुंबईच चालते. तांदूळ घरून नेईन म्हणते."

वडील दाराकडं वळले. "अन् दातून? तेई घरून?"

आत्याबाई पुन्हा आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. "दातून विकत घेईन म्हणते. तिले ती बाई पाहाची आहे."

साक्षगंधाची तारीख निघाली. जाताना वडील माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू बोलू नको बाबू." थाप जोराची होती.

लग्न झालं. आता मुंबईले तांदूळ मीच पोचवतो. तांदूळ जिल्ह्याबाहेर न्याले बंदी आहे, म्हणून सतरंजीत पोतं गुंडाळतो, बिस्तरा म्हणून गाडीत चढवतो. मागच्या खेपेले काकाजींनी वरून कडुनिंबाच्या काड्यांची मोळी बांधून देल्ली. भावाले आता अख्ख्या इमारतीतला दुसरा मजला काढाले देल्ला आहे. खोली एकच आहे. पोतं ठेवलं की माझी झोपाची जागा पोत्याची होते, मी जिन्यात झोपतो.

त्याच खेपेले सकाळी पाह्यलं, वहिनी चपला घालून खाली निघाली.

"कुठी?"

"दातून घेऊन येते."

"इतकी मोळी आणली ना मी."

"ती तुमच्या भावासाठी," वहिनी म्हणाली. मंग दारात उभं राहून तिनं कंबरेवर हात ठेवला अन् म्हणाली, "या भाऊजी, काडी घ्या काडी. गावाकडच्या दाताला आण्याला दोन, शहरातल्याला एक."

आवाज हुबेहूब होता. अन् हे वाक्य मले माईत नव्हतं. तेव्हापासून मी दातूनवाली काढाची सोडून देल्ली.