सुभेदारांचं ग्रीस

सुभेदार कुठलंही तेल आधी दोन बोटांत चोळून बघत, मग हुंगत आणि मगच बोलत. फौजेतून निवृत्त होऊन ते घाटंजीजवळच्या आमच्या गावी परतले होते. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. गावात परवान्याच्या बंदुका दोनच, एक त्यांची आणि एक माझ्या बाबांची.

कापसानं हात देणं सोडलं तसा आम्ही भुईमूग पेरला, आणि रानडुकरं येऊ लागली. त्यातच बाबांचा उजवा हात लुळा पडला. परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं. बाबा सुभेदारांना म्हणाले, "काकाजी, हिले शिकवा."

बाबांच्या बाराबोर बंदुकीला नळीच्या तोंडाशी आट्यांवर फिरवून बसवायचा चोक होता. छरे किती पसरतील ते त्यावर ठरतं. तो पार जाम झाला होता. मी शिलाई मशीनचं तेल घेऊन गेले, तर सुभेदार हसले. "पोरी, नळी तापली का हे पातळ तेल जळून जाते. मंग काजळी धरते अन् चोक हालत नाई. खोबरेल त थंडीत गोठते." त्यांनी यवतमाळहून उष्णता सोसणारं ग्रीस आणलं. बंदूक रिकामी असल्याची खात्री माझ्याकडून करून घेतली, चोक सोडवला, आटे घासायला लावले. "आट्यांवर नुसती चमक दिसली पायजे. जास्त लावलं का माती चिकटते."

पारावर ते सांगत, "माह्या पलटनीतल्या जवानाहून हिचा हात साफ हाय." बाबांना मुलगा नव्हता. ते वाक्य ऐकताना बाबा ताठ बसत.

अर्ज नामंजूर झाला. ठाण्यातले जमादार म्हणाले, "तुमच्या गावाले विचारलं होतं, बाई. सुभेदारांनीच सांगतलं, पोरीच्या हाती बंदूक नको." बाबांची बंदूक ठाण्यात जमा झाली.

मी घरी न जाता थेट सुभेदारांच्या ओसरीवर गेले. "काकाजी, काहून असं केलं?"

"तुले काई झालं असतं त गावानं मलेच धरलं असतं."

"मंग शिकवलं कायले?"

"तुह्या बापाचं मन राखलं. वाटलं, तू चार दिसात कंटाळशील."

मी कंटाळेन या भरवशावर त्यांनी मला इतक्या मायेनं शिकवलं होतं. नकारापेक्षा हे जास्त लागलं.

डुकरांनी भुईमूग उकरून नेला. सुभेदार स्वतःची बंदूक घेऊन राखणीला आले, तेव्हा मी त्यांना धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरूनच परत पाठवलं. बाबा गेले त्या दिवशी दारात सर्वांत आधी तेच होते. खांदाही दिला. मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. मी एसटीपर्यंत गेले, त्यांची पिशवी वर चढवून दिली. खिडकीतून त्यांनी विचारलं, "अजून राग हाय का, पोरी?"

"हाय, काकाजी."

त्यांनी मान हलवली. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघंही तिथंच होतो, एकमेकांकडे बघत.